बागेतल्या तळ्याला सांडवा हवाच

बागेत तळं करणाऱ्या बहुतेकांना काळजी असते ती उन्हाळ्याची. पाणी आटेल, मासे मरतील, टँकर बोलवावा लागेल. कोकणात किंवा घाटाच्या अलीकडे-पलीकडे तळं करणाऱ्याने खरी काळजी करायची ती जुलैची. उन्हाळ्यात तळं हळूहळू कमी होतं, ते डोळ्यांना दिसतं आणि उपाय करायला वेळ मिळतो. पावसाळ्यात ते एका रात्रीत भरतं, आणि सकाळी बघावं तर मासे हिरवळीवर, काठाची माती तळ्यात आणि तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात.

ज्यांनी गेल्या हिवाळ्यात-उन्हाळ्यात तळं करून घेतलं आणि ज्यांचा हा पहिलाच पावसाळा आहे, त्यांच्यासाठी हा लेख: तळ्याला सांडवा, म्हणजे जादा पाणी ठरलेल्या जागेतून बाहेर काढणारी वाट, कसा करायचा. हिशोब करायला सोपं जावं म्हणून डोळ्यांसमोर एक तळं धरू. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे वरचा पृष्ठभाग दहा चौरस मीटर. खोली अडीच फूट. आत शेततळ्याला घालतात तसला प्लॅस्टिकचा कागद. ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातलं, म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शेजारी कौलारू घर आणि त्याच्या छपराची एक बाजू तळ्याच्या दिशेने उतरलेली. तुमचं तळं यापेक्षा लहान-मोठं असेल, पुण्यात असेल तर पाऊस याच्या पावपटीच्या आसपास असेल. आकडे बदला, रीत तीच.

आधी पाणी कुठून येतं ते बघा

एक सूत्र पाठ करून टाका: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. यापुढचा सगळा हिशोब एवढ्यावर चालतो.

समजा, दिवसभरात 115 मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या प्रतवारीत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिमुसळधार, आणि 204.5 च्या पुढे त्याहून वरची पायरी. तेव्हा 115 हा कोकणाच्या हिशोबात मोठा असला तरी नवलाचा आकडा नाही. आपल्या दहा चौरस मीटरच्या तळ्यात थेट आभाळातून पडणारं पाणी 1150 लिटर. तळ्याची पातळी वाढेल साडेअकरा सेंटीमीटर, म्हणजे जेवढा पाऊस तेवढीच. तळं कितीही मोठं असलं तरी नुसत्या अंगावरच्या पावसाने ते पावसाच्या आकड्यापेक्षा जास्त चढत नाही.

आता छपराकडे या. तळ्याकडे उतरलेली बाजू साठ चौरस मीटर धरा. तिच्यावरून 6900 लिटर पाणी उतरणार. कौलांत मुरलेलं, वाऱ्याने उडालेलं, इकडेतिकडे गेलेलं सोडून द्या, तरी सहा हजार लिटर पागोळ्यांनी खाली येतात. ते सगळं तळ्यात शिरलं तर पातळी आणखी साठ सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट चढायला हवी. अडीच फुटी तळ्यात ते मावणार कुठे? यात अंगणाचा उतार, वरच्या बागेतून येणारं पाणी आणि रस्त्याकडून फाटकाखालून शिरणारा लोट धरलेलाच नाही.

तळं बुडवतं ते आजूबाजूचं पाणी. नवीन माणूस पाइप आणि पंपाच्या मागे लागतो आणि हे बघायचंच राहून जातं. म्हणून पहिलं काम खर्चाचं नाही. पाऊस चांगला लागलेला असताना छत्री घेऊन, गमबूट घालून अंगणात अर्धा तास फिरा. अनवाणी नको, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लागण होते आणि पायाला जखम असेल तर धोका जास्त. पागोळ्या कुठे पडतात, पडून कुठे वाहतात, कुठे डबकं धरतात, तळ्याच्या काठावरून पाणी कोणत्या बाजूने आत येतं, हे सगळं बघा. गढूळ लाल पाणी जिथून तळ्यात उतरत असेल ती वाट सगळ्यात महत्त्वाची. फोनवर दोन-चार फोटो काढून ठेवा. ऊन पडल्यावर गवंड्याला समजावताना नुसत्या हातवाऱ्यांचा उपयोग होत नाही.

पावसाळा अजून लांब असेल तर बागेचा नळ सोडून किंवा छपरावर पाइपने पाणी मारून थोडाफार अंदाज येतो. पण खरा पाऊस दाखवतो ते नळ दाखवत नाही.

बाहेरचं पाणी बाहेरच्या बाहेर

छपराला पन्हळ नसेल तर लावून घ्या. पत्र्याची असो की पीव्हीसीची, तिचं तोंड तळ्यापासून दूर, उताराच्या दिशेने निघालं पाहिजे. पन्हळ आहे पण पानांनी तुंबली आहे, अशी घरं जास्त. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत ती एकदा साफ करा आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पुन्हा. वर आंब्याची किंवा फणसाची फांदी असेल तर पुन्हापुन्हा.

उन्हाळ्यात तळं भरायला छपराचं पाणी हवं, म्हणून काही जण पन्हळ मुद्दाम तळ्यात सोडतात. कोकणात याची गरज नाही. जूनमध्ये तळं आपोआप भरतं आणि मे महिन्यात छपरावरून काहीच येत नाही. पुण्या-नाशकाकडे मात्र ही कल्पना वाईट नाही. फक्त पाइपला मधे एक टी आणि झाकण किंवा व्हॉल्व्ह हवा, म्हणजे तळं भरलं की पाणी दुसरीकडे वळवता येतं. हंगामातले पहिले एक-दोन पाऊस तर बाहेरच काढायचे. सात-आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, सुकलेलं शेवाळ हे सगळं त्यात असतं. गच्चीवर नुकतंच वॉटरप्रूफिंग केलं असेल तर ते पाणी त्या वर्षी माशांच्या तळ्यात नकोच.

जमिनीवरून येणाऱ्या पाण्याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे तळ्याचा काठ उंच करणं. जांभ्याच्या चिऱ्यांचा एक थर तळ्याभोवती बसवला आणि कागदाची कड त्याच्यावरून घेतली की अंगणातलं पाणी आत येत नाही. दिसायलाही बरं, आणि बसायला जागा होते. हिरवळीच्या पातळीला पातळी भिडवलेली तळी मासिकांतल्या फोटोंत छान दिसतात. आपल्या पावसात ती ओढ्याचा भाग होतात. त्यात मुलाबाळांचं घर असेल तर आणखी एक धोका: अंगण पाण्याखाली गेलं की काठ कुठे संपतो ते कळतच नाही.

दुसरा उपाय म्हणजे चर. तळ्याच्या वरच्या अंगाला, काठापासून दोन-तीन फूट लांब, एक वीतभर खोल आणि हातभर रुंद चर काढा. तो तळ्याला वळसा घालून खालच्या बाजूला जाऊ दे. बागायतीत पाट काढतात तोच प्रकार. मीटरला एक सेंटीमीटर उतार पुरे. उतार जास्त झाला तर पाणी माती कापत जातं. चरात गवत वाढू द्या, उपटू नका. बागेत खत घालणारे असाल तर चर हवाच हवा; शेणखत असो की युरिया, पावसाने धुपून तळ्यात उतरलं की पाणी पंधरा दिवसांत हिरवंगार होतं.

सांडवा: पाण्याला एकच दार

बाहेरचं पाणी अडवलं तरी अंगावरचा पाऊस तळ्यात पडणारच. पातळी रोज चार-आठ सेंटीमीटर चढत गेली की आठवड्याभरात काठ गाठते. तिथून पाणी कुठून बाहेर पडायचं हे तुम्ही ठरवलं नसेल तर पाणी ठरवतं. ते काठाच्या सगळ्यात खचलेल्या जागेतून निघतं, तिथली माती धुऊन नेतं, जागा आणखी खचते, आणि एक दिवस कागदाची कड उघडी पडून पाणी कागदाच्या मागे शिरतं. शेततळ्याला किंवा बंधाऱ्याला सांडवा असतो तो याचसाठी. बागेतल्या तळ्याला तो करायचा राहून जातो, कारण तळं करून देणाऱ्याला दाखवायचं असतं ते भरलेलं तळं.

जागा ठरवताना आधी काठाची लेव्हल बघा, अंदाजाने नको. गवंड्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकची लेव्हलची नळी असते. नळीत पाणी भरायचं, एकाने एक टोक काठाच्या ठरलेल्या चिऱ्यावर धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन काठाभोवती फिरायचं. दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यामुळे कुठला चिरा किती खाली-वर आहे ते खडूने मारता येतं. नळीत एखादा बुडबुडा अडकला असेल तर लेव्हल खोटी दाखवते. म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी बरोबर जुळतंय का ते बघा, जुळत नसेल तर नळीला टिचक्या मारून हवा काढा. पाणसळीने हे काम होत नाही, कारण तळ्याच्या रुंदीएवढी सरळ पट्टी कोणाकडे नसते. तळ्यात पाणी असेल तर आणखी सोपं: वारा नसताना पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर प्रत्येक दोन फुटांवर फुटपट्टीने मोजा.

बरेचदा एका बाजूला दोन-तीन इंचांचा फरक निघतो. सांडवा शक्यतो खालच्या, म्हणजे अंगणाच्या उताराकडच्या बाजूला हवा आणि बाकीचा सगळा काठ सांडव्याच्या तळापेक्षा निदान चार-सहा इंच उंच हवा. कुठे कमी भरत असेल तर तिथे चिरा किंवा माती-सिमेंट घालून उचला.

आता प्रकार. मला स्वतःला उघडा सांडवा आवडतो आणि नवख्या माणसाने तोच करावा असं मी म्हणेन. काठाला एक फूट रुंद आणि चार-सहा इंच खोल खाच ठेवायची, कागद त्या खाचेतून बाहेर हातभर ओढून घ्यायचा, वर चपटे दगड किंवा चिऱ्याची फरशी बसवायची. खाचेतून दोन इंच जाडीचा पाट वाहू लागला तर सेकंदाला पाच लिटरच्या आसपास पाणी जातं. आपलं तळं आणि साठ चौरस मीटरचं छप्पर, दोन्हींवर मिळून तासाला 60 मिलिमीटरची सर आली तरी सेकंदाला सव्वा लिटरच्या आत होतं. म्हणजे चौपट राखीव. शिवाय उघड्या सांडव्यात पानं अडकली तर दिसतात, हाताने काढता येतात, आणि काढली नाहीत तरी पाणी त्यांच्यावरून जातं.

पाइपचा सांडवा नीटनेटका दिसतो आणि पाणी लांब न्यायचं असेल तर तोच लागतो. तळ्याच्या बाजूच्या भिंतीतून पाइप काढायचा असेल तर कागदाला भोक पाडून दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि फ्लँज आवळावा लागतो. हे काम शेततळ्याचा कागद जोडणाऱ्या माणसाकडून करून घ्या. घरच्या प्लंबरला सिमेंटची टाकी कळते, कागद कळेलच असं नाही. पाइप किती इंची? नुसत्या तळ्याला 75 मिलिमीटरचा, म्हणजे अडीच इंची, हिशोबाने पुरतो. तरी 110 चा, ज्याला दुकानात चार इंची म्हणतात, तोच घाला. किमतीत फार फरक पडत नाही, आणि अर्धी जाळी पानांनी बुजलेली असताना फरक कळतो. पाइपच्या आतल्या तोंडाला टी बसवा: एक तोंड पाण्याखाली, एक वर उघडं. पृष्ठभागावरचा पालापाचोळा मग आत ओढला जात नाही आणि वरचं तोंड उघडं असल्यामुळे पाइपचा सायफन होऊन तळं गरजेपेक्षा जास्त उपसत नाही.

जाळीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पावसाळ्यातली निम्मी रड जाळीची असते. मासे जाऊ नयेत म्हणून पाइपच्या तोंडावर बारीक जाळी तारेने बांधली जाते. चार इंची तोंडाला चार इंची जाळी. आंब्याची दोन पानं आणि शेवाळाचा एक गोळा आला की दार बंद. जाळी तोंडावर नको, तोंडाभोवती हवी: भाजीची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली किंवा स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा फूटभर रुंद पिंजरा. पाणी शिरायला चारी बाजू मोकळ्या राहतात, एक बाजू बुजली तरी तीन उरतात. उघड्या सांडव्यालाही आतल्या अंगाला अशीच रुंद, तिरकी जाळी लावता येते. आठवड्यातून एकदा आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी संध्याकाळी उजेडातच ती साफ करा. रात्री बारा वाजता टॉर्च धरून तळ्यात वाकायची वेळ येऊ देऊ नका.

सांडलेलं पाणी जाणार कुठे?

इथे बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर असतं: शोषखड्डा करू. करा, पण आधी हिशोब करा. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला तर पोकळी उरते साधारण पस्तीस-चाळीस टक्के, म्हणजे फार तर 400 लिटर. आपल्या तळ्यात 115 मिलिमीटरच्या दिवशी आभाळातूनच 1150 लिटर पडलं होतं. उरलेलं पाणी जमिनीने तेवढ्यात पिऊन टाकलं तरच खड्डा कामाचा, आणि आषाढात कोकणातली जमीन आधीच तुडुंब असते. मुरमाड जमिनीत, कमी पावसाच्या भागात शोषखड्डा चांगलं काम करतो. काळ्या मातीत नाही. ती ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही.

खात्री करायची तर पावसाळ्यातच एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा, काठोकाठ पाण्याने भरा, मुरल्यावर पुन्हा भरा आणि तासाभरात किती उतरतं ते मोजा. दोन-तीन इंचसुद्धा उतरलं नाही तर शोषखड्ड्याचे पैसे वाचवा. केलात तर घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब, आणि विहीर किंवा सेप्टिक टाकीच्या जवळ नको.

मग कोकणात काय करायचं? पाणी पसरायचं. सांडव्याखाली चार-पाच दगड सोलिंगसारखे बसवा, म्हणजे पडणाऱ्या पाण्याने खड्डा होणार नाही. तिथून रुंद, उथळ चर काढून पाणी बागेच्या खालच्या अंगाला न्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ लावायची आपल्याकडची पद्धत इथे जशीच्या तशी चालते. अळूला पाय ओले लागतातच, कर्दळीला चालतात, वेखंडही चांगला येतो. तळ्याच्या पाण्यात माशांची विष्ठा असल्यामुळे अळू असा माजतो की शेजाऱ्यांना फदफद्याला पानं देता देता दमायला होतं. केळ मात्र जरा उंचवट्यावर लावा, कंद सतत पाण्यात राहिला तर कुजतो. सुपारीच्या किंवा नारळाच्या आळ्यात पाणी सोडायचं असेल तर ते तिथून पुढे वाहून जाईल असं बघा.

तीन ठिकाणी पाणी सोडू नका. पहिलं, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. सांडपाण्याची लाइन पावसाच्या पाण्यासाठी नसते. जोरात पाऊस आला की ते उलटं तुमच्याच मोरीतून वर येतं. दुसरं, बोअरवेलमध्ये. छपराचं पाणी गाळून बोअरला देणं वेगळं, तळ्याचं पाणी वेगळं. त्यात शेवाळ आणि विष्ठा असते. तिसरं, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे. पाणी पूर्वीपासून नैसर्गिक उताराने तिकडे जात असेल तर वेगळी गोष्ट, पण पाइपचं तोंड त्यांच्या बांधावर आणून ठेवलंत तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद.

आणि व्हाळ किंवा पऱ्या जवळ असेल तर? पाणी शेवटी तिकडेच जाणार, पण मधे बागेचा पट्टा हवा. थेट पाइप जोडला तर तळ्यातले गप्पी, कोई, गोल्डफिश ओढ्यात उतरतात. हे मासे इथले नाहीत, आणि गप्पी तर एकदा सुटले की आवरत नाहीत. जलपर्णीचंही तसंच. निळसर फुलं छान म्हणून तळ्यात सोडलेला एक तुकडा वाहून गेला की काय होतं ते इंद्रायणी आणि पवनेच्या काठी राहणाऱ्यांना विचारा. तळ्यात जलपर्णी असेल तर पावसाळ्याआधी काढून उन्हात वाळवून खतात घाला. कमळ किंवा कुमुद लावा, ती बुडाशी राहतात.

थेट जोडलेल्या पाइपचा उलटा त्रासही आहे. वळगणीच्या दिवसांत, पहिल्या पुरात, मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढतात. तुमचा सांडवा त्यांना ओहोळच वाटतो. मरळीचं एखादं पिल्लू तळ्यात चढलं तर गोल्डफिश श्रावण बघत नाहीत.

मोठ्या पावसाचा इशारा आल्यावर

ऑरेंज किंवा रेड अ‍ॅलर्ट आला की तळ्याची पातळी सहा-आठ इंच खाली आणून ठेवायला हरकत नाही. यासाठी पंप लागत नाही. किंबहुना सांडव्याचं काम पंपावर सोपवूच नका. ज्या रात्री तो लागतो त्याच रात्री वीज गेलेली असते. बागेची एक इंची नळी घ्या, पूर्ण पाण्याखाली बुडवून तिच्यातली हवा घालवा, एक तोंड अंगठ्याने दाबून तळ्याच्या पातळीपेक्षा खाली, उतारावर न्या आणि सोडा. मीटरभर खाली तोंड मिळालं आणि नळी दहा मीटरच्या आत असली तर तासाला दोन हजार लिटरच्या आसपास जातं. आतलं तोंड काठीला बांधून बरोबर सहा-आठ इंच खोलीवर ठेवा. पातळी तिथवर उतरली की नळी हवा ओढते आणि आपोआप थांबते. तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधायला विसरू नका, पिल्लं ओढली जातात.

यापेक्षा जास्त उपसू नका. ‘पावसाळ्यातच रिकामं करून गाळ काढून घेऊ, पाणी तर फुकट भरतंय’ हा विचार मोहात पाडणारा आहे, पण कागदाच्या तळ्याचा त्याने घात होतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. तळ्यातलं पाणी कागदाला वरून दाबून धरतं तोवर ठीक. ते काढलंत की खालचं पाणी कागद उचलतं आणि तो म्हशीच्या पाठीसारखा फुगून वर येतो. खालची माती सरकते, सांधे ताणले जातात, आणि पाणी पुन्हा भरलं तरी कागद पूर्वीसारखा बसत नाही. फुगा दिसला तर भोक पाडू नका. तळ्यात पाणी सोडून पातळी वाढवा, तो हळूहळू बसतो. सिमेंटची किंवा फेरोसिमेंटची हलकी टाकी जमिनीत पुरलेली असेल तर तीही रिकामी असताना खालच्या पाण्याने उचलली जाऊ शकते. गाळ काढायचा तो एप्रिल-मेमध्ये. जिथे पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठाशी येतं अशा जागी तळं करणार असाल, तर कागद टाकण्याआधीच तळाखाली खडीचा चर आणि भोकांचा पाइप घालून तो खालच्या उतारावर बाहेर काढा. नंतर ते होत नाही.

26 जुलै 2005 सारख्या दिवसाचं काय, असंही कोणी विचारतं. सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. असल्या दिवसाचा हिशोब बागेच्या तळ्यात बसत नाही. तेव्हा बटण बंद करायचं आणि घरात बसायचं. बटण म्हणजे तळ्याच्या पंपाचं आणि दिव्यांचं. बाहेरचे प्लग जमिनीपासून कमरेएवढे उंच हवेत, आणि सर्किटला 30 मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर हवा, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतो. पंप चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही, पाऊस असो वा नसो.

पाऊस पडून गेल्यावर पाणी आणि मासे

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. आठवडाभर झड लागली की तळ्यातलं जुनं पाणी पातळ होत जातं. पाण्याची आम्लता सावरून धरणारे क्षारही त्याबरोबर कमी होतात, आणि मग पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, एका दिवसात खाली-वर होऊ लागतो. माशांना त्रास होतो तो या उड्यांचा. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात केएच, म्हणजे या सावरणाऱ्या क्षारांचं प्रमाण, मोजायचं किट मिळतं. आकडा चारच्या खाली जात असेल तर काहीतरी करायला हवं. किनारपट्टीवर साधा उपाय घरातच असतो: तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं. स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, जाडसर कुटून जुन्या कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरा आणि पाणी वाहतं असेल तिथे, पंपाजवळ किंवा धबधब्याखाली ठेवा. ती सावकाश विरघळतात. लवकर फरक हवा असेल तर खायचा सोडा: हजार लिटरला 30 ग्रॅमने केएच साधारण एकाने वाढतो. दिवसाला एवढंच, बादलीत विरघळवून. कळीचा किंवा विरवलेला चुना मात्र टाकू नका. मोठ्या मत्स्यतळ्यात तो मापाने वापरतात. आपल्या सहा-सात हजार लिटरमध्ये मूठभरही भारी पडतो.

पाणी लाल-गढूळ झालं की कोणीतरी तुरटी फिरवायला सांगतं. प्यायच्या पाण्यात ठीक आहे. माशांच्या तळ्यात, आणि तेही पावसाने पातळ झालेल्या पाण्यात, तुरटी उरलेसुरले क्षार खाऊन पीएच पाडते. गढूळपणा दोन-चार दिवसांत बसतो, थांबा. बसत नसेल तर माती अजून कुठून तरी येते आहे. चराकडे परत जा. विहिरीत ग्रामपंचायत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तळ्यात टाकणं म्हणजे मासे मारणं.

ढगाळ दिवसांत पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू कमी तयार करतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हेच कारण. हवेचा पंप लावा. वीज नसेल तर बादलीने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओता, दहा-पंधरा मिनिटं. आणि खाद्य निम्मं करा. पावसात मासे कमी खातात, न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि तोच प्राणवायू खातं.

डासांचं थोडक्यात: मासे असलेल्या तळ्यात अळ्या टिकत नाहीत. डास होतात ते सांडव्याच्या चरातल्या खळग्यांत, टोपलीत, शोषखड्ड्याच्या झाकणावर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे खळगे झाडून कोरडे करा किंवा मातीने बुजवा. बेडूक येतील, त्यांच्यामागे पाणदिवड येईल. ती बिनविषारी आहे, पण चावरी आहे, आणि सांडव्याचा पाइप तिला घर म्हणून आवडतो. पाइपच्या बाहेरच्या तोंडालाही जाळी लावा, फक्त ती रुंद भोकांची आणि बिजागरीवर उघडणारी असू दे, म्हणजे आतून आलेला पाला साठून तोंड बंद होणार नाही.

कामांचा क्रम सांगायचा तर आधी पन्हळ आणि चर, मग काठाची लेव्हल, मग सांडवा, मग जाळी. पैसे कमी असतील तर पाइप पुढच्या वर्षीवर ढकला, चर नको. आणि गवंड्याला एप्रिलातच सांगून ठेवा. मे महिन्यात प्रत्येकाचं छप्पर शाकारायचं असतं, जूनमध्ये कोणी फोन उचलत नाही.